पितृघ्न चूर्ण

गिरिजावहिनी मराठी वाचत ते अक्षराखाली बोट धरून. पेपर असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर बिस्किटाचा पुडा. बोट पुढे सरकल्याशिवाय डोळे सरकत नसत. मी वैतागून म्हणायचो, "वहिनी, आटपा की!" तर म्हणायच्या, "निधानं, सावकाश वाचू द्या हो भावजी. अक्षर काय बस आहे का सुटायला?"

त्या अळणावरजवळच्या कानडी शेतकरी घरातल्या. माझ्या थोरल्या भावाशी, अण्णाशी, लग्न होऊन आमच्या हुबळीतल्या केशवापूरच्या घरात आल्या तेव्हा त्यांना मराठी बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. वाचायला शिकवलं अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी. हुबळीच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान. तिथल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या हीच वहिनींची अंकलिपी. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध. मला अप्पांनी असं शेजारी बसवून काही शिकवल्याचं आठवत नाही. शेजारी बसवलं असेल तर ते पुड्या बांधायला.

पुढे मी धारवाडला मराठीत एम.ए. केलं. हे सांगायचं कारण नसलं तरी मी सांगतो, तेव्हाही सांगायचो. तरी दुकानासाठी चार ओळी लिहिल्या की अप्पा म्हणणार, "एकदा गिरिजाला दाखव." एम.ए. मी, आणि तपासणार कोण, तर बोट धरून वाचणारी! माझ्या पोटात जे काही ढवळायचं त्यावर दुकानात औषध होतं, पण ते मला कधी लागू पडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अप्पांनी तेच औषध लेबल लावून विकायचं ठरवलं. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भज्यांवर जगणाऱ्या गावात पित्तावरच्या चूर्णाला मरण नाही. नाव मी सुचवलं, पित्तघ्न चूर्ण. जेवताना वहिनींनी विचारलं, "हे 'घ्न' काय असतं?"

मी खूश. घास खाली ठेवून सुरू झालो. "घ्न म्हणजे मारणारा. शत्रुघ्न, शत्रूला मारणारा. कृतघ्न, कुणी केलेले उपकार मारणारा."

"आणि बापाला मारणारा?"

"पितृघ्न. नेहमीच्या लिहिण्यात पितृघातकी म्हणतात, आणि कृत्याला पितृहत्या. आईला मारलं तर मातृहत्या. पण पितृघ्न म्हणजे अस्सल संस्कृत वळणाचा शब्द."

वहिनींचा हात ताटातच थांबला. "अय्यो! एवढ्या घाण कामाला एवढा इस्त्री केलेला शब्द? आमच्याकडं असलं काही झालं तर शब्द कुठला सुचतोय, नुसती बोंब सुटते."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शब्द सांगितले मी, हशा मिळवला वहिनींनी. वर हात धुताना अप्पा म्हणाले, "लेबलाचा मजकूर लिहिलास की गिरिजाला दाखव रे." मी त्याच रागात मजकूर लिहिला, कुणालाही न दाखवता छापखान्यात दिला आणि हजारभर लेबलं छापून आणली. मलाच केवढा अभिमान! पुड्यांवर ती स्वतःच्या हातानं चिकटवली.

दोन दिवसांनी केशवापुरातले एक निवृत्त मराठी मास्तर पुडी घेऊन दुकानात आले. "अप्पासाहेब," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "माझे वडील वीस वर्षांपूर्वीच वारले. मला हे चूर्ण लागू पडेल का?"

अप्पांनी चष्मा लावला. लेबलावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'पितृघ्न चूर्ण. घरोघरी असावे.'

"कुणी लिहिलं हे?"

मी खाली मान घालून पुड्या मोजायला लागलो. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पुडी हातात घेतली, बोट ठेवून वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मीच हो अप्पा. भावजींनी बरोबर लिहिलं होतं. मी छापखान्यासाठी नक्कल काढताना चुकले."

अप्पांनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि गल्ल्यावर हात आपटून हसायला लागले. "ऐकलंत का मास्तर? सुनेनं सासऱ्याला मारायचं चूर्ण काढलं!"

घरी मी वहिनींना गाठलं. "कशाला अंगावर घेतलंत?"

"मला कानडी म्हणून सोडतात. तुम्हांला सोडलं नसतं. एम.ए.वाल्याला चुकायला मुभा आहे का?"

आभार मानावेत इतकं सरळ मन माझं नव्हतं. कृतघ्नाचा अर्थ मी उगाच नव्हतो सांगत. कारण पुढची दहा वर्षं अप्पांनी ही गोष्ट गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, डॉक्टरांना, गॅसवाल्यालासुद्धा सांगितली. "आमची गिरिजा!" म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, आणि मी कोपऱ्यात जळत बसायचो. चूक माझी, लाड वहिनींचे! दुसऱ्याच्या यशावर जळणारे पुष्कळ पाहिलेत, स्वतःच्याच चुकीवर हक्क सांगता येईना म्हणून जळणारा मी एकटाच असेन.

वहिनी फार वर्षं राहिल्या नाहीत. पन्नाशीही गाठली नाही. आजार चार महिन्यांचा. तेराव्याला अळणावरची माणसं आली होती. अप्पांनी ऐंशी ओलांडलेली. भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्यांनी पुन्हा तीच गोष्ट काढली. मास्तरांच्या प्रश्नापर्यंत हसले, आणि "मीच हो अप्पा" म्हणताना चष्मा काढून पुसायला लागले.

मला राहवलं नाही. "अप्पा, ते मी लिहिलं होतं. वहिनींनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अप्पांनीही बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू?" ते म्हणाले. "आपल्या घरात एवढं शिकलेला एकटा तू. तू असलं लिहिशील होय?"

मी काही बोलणार, तर त्यांनीच आवाज खाली आणला, फक्त मला ऐकू जाईल इतका. "सगळं कळतंय रे मला, कधीपासून. पण आता गेली ती. एवढी एक गोष्ट तरी तिची तिला राहू दे."

मी राहू दिली.