जांभळ्याच्या पुढची दोन बोटं

दोन हजार एकोणीस साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. आज सुरतेत, कोसाडच्या आमच्या खोलीत, खिडकीतल्या स्फटिकातून समोरच्या भिंतीवर रंगांची पट्टी उतरली, की तेच साल आठवतं. बोटाएवढा, सहा कडांचा हा स्फटिक बायकोच्या माहेरचा, धुळ्याकडचा. विहीर खोदताना काळ्या खडकाच्या पोटात सापडलेला. पाण्यासारखा नितळ, पण उन्हाचा कवडसा आत शिरला की तो वाकवतो आणि एकेक रंग सुटा करतो. लाल जरासाच वळतो, माझ्यासारखा ताठ. जांभळा सगळ्यात जास्त लवतो. मी चौथी शिकलेला, पण एवढं बघून बघून कळलं. इतकं नेमकं काम करणारा कारागीर मी या सुरतेत दुसरा पाहिला नाही.

तेव्हा मी सुरतेजवळच्या सचिन गावी एका कारखान्यात कापडाचे ताके तपासायचो. माझ्या नजरेचा दबदबा होता. त्या हंगामात मी पांढरे म्हणून पुढे धाडलेले ताके पिवळट निघाले, पुन्हा पुन्हा. शेठचा मुलगा म्हणाला, "काका, आंख बतावी आवो. नहीं तो पछी घेर बेसो." मी म्हटलं, डोळे कशाला दाखवू, घरी कशाला बसू? दिवे बदला तुमचे. घरी येऊन तेच बायकोला ऐकवलं.

ती वाद घालत बसली नाही. सुट्टीच्या दिवशी, ऊन खोलीत आलं तशी मला भिंतीपाशी उभं करून तिच्या अहिराणीत म्हणाली, "जांभया रंग कोठे संपस, बोट ठेवा." ठेवलं. तिनं आपलं बोट दोन बोटं पुढे टेकवलं.

"तिथं नुसता चुना आहे," मी म्हणालो.

"चुना तुम्हना डोयामा शे."

तिला फसवायला मी स्फटिक फिरवला, पट्टी कपाटावर नेली, दारावर नेली. प्रत्येक वेळी तिचं बोट माझ्या पुढे तेवढंच. मी चिडलो, नाही ते बोललो. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "तुम्हले दिसत नही म्हनीसन रंग संपना का?"

एवढ्या वर्षांत मला कुणी इतक्या सरळपणे अडवलं नव्हतं. रंग तिथं होता. दगड आपलं काम चोख करत होता, तीही. वय माणसाच्या डोळ्यांतून काय काय काढून नेतं आणि जाताना सांगतही नाही.

तिला मी काही कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचा डबा घेऊन निघालो, सचिनची बस समोरून जाऊ दिली आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.