थांबाकाकूंचा सराव

बाईंनी थांबाकाकूंना पहिल्यांदा पाहिलं ते पासपोर्टचा फोटो काढायला गेल्या तेव्हा. स्टुडिओचा मालक कॉम्प्युटरवर उगवलेली सूचनेची चौकट न वाचताच ‘ओके, ओके’ दाबत सुटला होता.

“भाऊजी, थांबा! काय म्हणतोय ते वाचू तरी द्या,” पडद्यामागून आवाज आला.

त्या मालकाच्या वहिनी. पन्नाशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी चौकटीतला इंग्रजी मजकूर वहीत एकेक अक्षर करून उतरवला. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना इतकं मन लावून उतरवणारी विद्यार्थिनी क्वचितच भेटली होती.

गल्लीत सगळे त्यांना थांबाकाकू म्हणत. इंग्रजी बेताचंच, पण कुठल्या चौकटीवर कुठला उपाय, हे वहीत टिपलेलं असे. जुने फोटो दुरुस्त करण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

म्हणून बाईंनी आपला फोटो त्यांच्याच हाती दिला. बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचा एकत्र असा लहानपणीचा एवढाच एक फोटो. घडीची रेघ नेमकी भावाच्या चेहऱ्यावरून गेलेली. दुसऱ्या दिवशी तो सत्तर वर्षांचा होणार होता.

बाई फोटो घ्यायला गेल्या तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर भाऊ अख्खा हसत होता. काकूंनी फाइल सेव्ह करायला घेतली आणि चौकट आली. डिस्कवर कामापुरतीही जागा उरली नव्हती; सेव्ह होईना.

“बंद करून परत चालू करा,” मालक म्हणाला.

“आणि सकाळपासूनचं काम? ते अजून कुठेच ठेवलेलं नाही. बंद केलं की पोराचं नाक परत घडीत!”

“मग जुनी गिऱ्हाइकं पुसा. कोण येतंय आता ते फोटो मागायला?”

“येतात. तुम्ही जेवायला गेलात की येतात.”

बाई पुढे झाल्या. “अहो, राहू द्या. रेघेसकट देईन मी त्याला.”

काकूंनी वहीचं पान उलटलं, मग एक फोल्डर उघडलं. त्यात शेकडो चेहरे होते: तेच डोळे दहादा, तोच कान वीसदा, आधी बिघडलेला, मग सुधारत गेलेला.

“हे कुणाचे?” बाईंनी विचारलं.

“माझा सराव. अकरा वर्षांचा. चुकलेलं पुसवत नव्हतं मला.” त्यांनी ते अख्खं फोल्डर निवडलं. “हात शिकला की आता.”

फोल्डर गेलं. फोटो सेव्ह झाला. मालक प्रिंटरमध्ये चांगला कागद घालायला उठला.

पुढच्याच आठवड्यात त्याने मोठी डिस्क आणली. थांबाकाकू आता एकसष्ट वर्षांच्या आहेत, रोज दुपारी दोन ते सहा स्टुडिओत बसतात आणि सध्या कुरळे केस शिकताहेत.