केळीच्या पिठात निळा रंग

रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून दिपमाला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "काल सुकट खाल्ली का?" खाल्ली असेल तर कोपरापर्यंत साबण. धुळ्यातल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत साहेबांनाही सूट नव्हती.

सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणि कोळंबीत असतं तसलंच एक प्रथिन रातकिड्यांतही असतं. एक बाधली तर दुसरंही बाधू शकतं. तिच्या भावाचा, स्वप्नीलचा, घसा एकदा चमचाभर सुकटीने असा सुजला होता की त्याचा श्वास कोंडला. म्हणून दोंडाईच्याला कुणी रातकिडे पाळून पौष्टिक पूड विकू लागल्याचं कळताच तिने चाचणी बसवायला घेतली. दुसऱ्या पिठात ही पूड कणभर मिसळली तरी सापडली पाहिजे. ताटलीतल्या खळग्यात निळा रंग आला, तर पूड आहे. आठ महिने ती त्या रंगामागे होती. सुकटीचा हात लागला तरी तो फसवा उमटला असता, म्हणून दारातला तो साबण.

आणि बुधवारी कच्च्या केळ्यांचं निव्वळ पीठच निळं झालं.

"घ्या! आता केळंही उड्या मारणार," प्रयोगशाळेचे प्रमुख हितेंद्र सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कारण सांग दिपमाला, नाहीतर हे काम बंद."

पीठ दोंडाईच्याच्या तोताराम आबांच्या चक्कीवर विक्रीसाठी दळलेलं. तिने फोन लावला. "आबा, तुमच्याकडे रातकिडेपण दळतात?"

"दळतस ना. पण चक्की बठ्ठी साफ शे ताई! झाडू मारस, फडकं मारस."

"मग काहीच राहत नाही?"

"मूठभर पीठ चक्कीना पोटमा ठेवस. चक्की उपाशी ठेवानी नही, आम्हना बाप सांगे."

"सोमवारी शेवटचं दळण कशाचं होतं?"

"किडास्नं."

"आणि मंगळवारी पहिलं?"

"केळी."

दिपमाला खुर्चीतून उठलीच. फोन ठेवून ती बाजारात धावली, फणीभर कच्ची केळी आणली, कागदासारख्या पातळ चकत्या केल्या, ओव्हनमध्ये वाळवल्या आणि नव्या खलबत्त्यात कुटल्या. दुपारी एका ओळीत हे पीठ, दुसऱ्या ओळीत आबांचं. सर शेजारी येऊन उभे राहिले.

दुसरी ओळ निळी होत गेली. पहिली पाण्यासारखी नितळच राहिली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, तरी नितळ.

"म्हणजे पोतंभर पिठात ती एक मूठ..." सरांचा आवाज बारीक झाला.

"सापडली, सर!" तिला हसू आवरेना.

सरांनी स्वतः फोन करून त्या दळणाची विक्रीला निघालेली पाकिटं थांबवली. आबांनी केळ्यांसाठी वेगळी चक्की लावायचं कबूल केलं, पण तीही उपाशी ठेवणार नाही म्हणाले. केळ्याचंच पीठ ठेवा, असं तिने सांगितलं.

मग टेबल पुसून तिने पिशवी उचलली.

"सर, चार केळी उरलीत. भाजीला नेऊ का?"