खर्जवाल्यांना कमी समजू नका!

आमच्या खर्जमध्ये दोन गोष्टी रोज झाडल्या तरी साचतातच. एक वाळू आणि दुसरे किस्से! वाळू निदान ओल्या फडक्यानं पुसता येते. किश्श्यांचं काय करायचं? परवा मैत्रिणीचा फोन आला, म्हणाली, "तुझ्या त्या आडगावात वेळ कसा जातो गं?" म्हटलं, बस, आता सांगतेच.

अल खर्ज म्हणजे रियाधच्या दक्षिणेला तासाभरावर असलेलं बाजाराचं गाव. भोवती शेतं, खजुराच्या बागा, डेअरी फार्म. मी इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. नवरा विलास डेअरी फार्मवर मशिनं सांभाळतो. आमच्या हॉस्पिटलातल्या हेड नर्स सुनीता सिस्टर सांगलीच्या, आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येणारे शब्बीरभाई दापोलीचे एसी फिटर. कामगारांच्या कॅम्पमध्ये एकटेच राहतात. एवढंच आमचं महाराष्ट्र मंडळ!

*

रियाधला मराठी लोकांचं दिवाळीचं गेट-टुगेदर होतं. आम्ही हौसेनं गेलो. तिथल्या एका बाई नाक मुरडून म्हणाल्या, "खर्ज? तिथे गाईंशिवाय आहे काय?"

सिस्टरनी त्यांच्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"खरंय हो. गाईच आहेत. तुमच्या चहातलं दूध त्यांनीच पाठवलंय. नको असेल तर कोरा करून आणू?"

बाईंनी निमूट चहा संपवला. कप मात्र चाटूनपुसून रिकामा!

*

बाजारात अबू फहद म्हणून भाजीवाला आहे. पांढरी दाढी, खणखणीत आवाज. गिऱ्हाईक भारतीय दिसलं की त्याची एकच हाक, "या हिंदिया!" म्हणजे 'ए भारतीय बाई!' सिस्टरना ते खपेना. तो हाका मारतोय आणि सिस्टर पाठ फिरवून शेजारच्या दुकानात कांदे निवडतायत.

शेवटी तो वैतागला. "अगं बाई, ऐकू येत नाही का?"

सिस्टर वळल्या. "येतं की! पण माझं नाव सुनीता आहे."

त्यानं दोन-तीनदा घोळवून घोळवून ते नाव पाठ केलं. पुढच्या शुक्रवारी लांबूनच आरोळी आली, "सुनीता! ताजी मेथी!" सिस्टर खूश.

पण त्याला वाटलं, आमच्याकडे मान देऊन बाईला हाक मारायची ती अशीच! आता त्या बाजारात मीही सुनीता, आमच्या केरळच्या नर्सेसही सुनीता, आणि परवा तर एक फिलिपिनो नर्स 'सुनीता' ऐकून आपसूक थांबली!

*

शब्बीरभाईंची गोष्ट वेगळी. इथे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. पण नवा सुपरवायझर जोशात होता. गच्चीवरच्या युनिटला लोखंडी शिडी लावून ओरडला, "यल्ला, ऊपर चढो! नहीं तो घर भेज दूँगा!"

गँग एकमेकांची तोंडं बघायला लागली. घर भेजना म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या घरावर अजून स्लॅब पडायचाय. शब्बीरभाईंच्या तर दोन मुली कॉलेजात. तरी तेच पुढे झाले.

"चढता हूँ साहब. पहले आप सिर्फ सीढ़ी को हाथ लगाओ."

सुपरवायझरनं ऐटीत शिडी पकडली आणि हात झटकत असा मागे उडाला की टोपी खाली!

मग काय, खलास! ऊन उतरेपर्यंत सगळी गँग ट्रकच्या सावलीला. थोड्या वेळानं सुपरवायझरही हळूच तिथे येऊन उभा राहिला. शब्बीरभाईंनी सरकून जागा दिली.

"बसो साहब. टायर को मत टेकना, वो भी गरम है!"

*

आमची लेक मनवा इथल्या इंडियन स्कूलमध्ये आहे. वर्गात नव्या मॅडमनी प्रत्येकाला गाव विचारलं. कुणी कोची म्हणालं, कुणी लखनौ. मनवा म्हणाली, "अल खर्ज."

"नहीं बेटा, असली गाँव?"

"असली ही है, मॅम. रोज यहीं से तो आती हूँ!"

घरी आल्यावर मी समजावलं, "अगं, आपलं गाव सातारा." ती शांतपणे म्हणाली, "दॅट्स युवर्स, आई."

विलास दुसऱ्या खोलीत जाऊन हसला. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

*

गावाला इतिहासही आहे बरं का! पूर्वी इथे मोठमोठे झरे होते, त्यांच्यावरच ही शेती उभी राहिली. आता ते आटलेत, खोल खड्डे उरलेत. रियाधचे एक पाहुणे आले तेव्हा विलासनं त्यांना तिकडे नेलं. सोबत अबू फहदही होता. त्याचे आजोबा त्याच पाण्यावर खजूर पिकवायचे.

पाहुणे वाकून बघत म्हणाले, "इतनी धूप में ये सूखा गड्ढा देखने आए? पानी तो गया!"

भाजी विकून विकून अबू फहदला हिंदी चांगलं कळतं. तो काठी टेकत पुढे आला.

"पानी गया. हम गया? नहीं गया!"

*

आता हे शेवटचं. आमच्या हॉस्पिटलात नवा मॅनेजर आला आणि त्यानं फर्मान काढलं, वॉर्डात फक्त इंग्लिश. दुसरी भाषा ऐकू आली की वॉर्निंग. सिस्टरना एक मिळालेली होती.

एका सकाळी गुहागरकडचा एक वेल्डर आणला. वर्कशॉपमध्ये हात मशिनखाली आलेला. मी रक्त घ्यायला उभी होते. माणूस पन्नाशीचा, धिप्पाड, पण पार घाबरलेला. हिंदी-इंग्लिश सगळं विसरलेला.

"सिस्टर, माजा हात ऱ्हाईल ना वो?"

"ऱ्हाईल की! डॉक्टर येतायत. तुम्ही माझ्याकडं बघा, हाताकडं बघू नका."

तेवढ्यात मॅनेजर दारात. "सिस्टर! इंग्लिश ओन्ली!"

सिस्टर मागे वळल्या नाहीत. इंग्लिशमध्येच म्हणाल्या, "सर, ह्यांना इंग्लिशमध्ये घाबरायला सांगा, मी इंग्लिशमध्ये धीर देते."

मॅनेजर लालबुंद झाला. पलंगाजवळ येऊन बोट रोखून बराच वेळ बोलला. सेकंड वॉर्निंग, कॉन्ट्रॅक्ट, परतीचं तिकीट, सगळं.

वेल्डर भेदरून बघत होता. "सायेब काय म्हंतायत?"

सिस्टरनी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"काही नाही हो. म्हणतायत, काळजी करू नका, लवकर बरे व्हा."

त्या माणसाचे डोळे भरून आले. त्यानं धड असलेला हात कसाबसा कपाळाशी नेला आणि मॅनेजरला सलाम केला.