बालवाडीचे हवालदार

ऑफिसात तिला सगळे 'जिनेवाली' म्हणायचे. आर्किटेक्ट होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मोठमोठ्या इमारतींच्या नकाशांत तिच्या वाट्याला यायचे ते जिने आणि संडास. दर्शनी भाग, बगीचा, कारंजं असली मिरवायची कामं साहेब स्वतःकडे ठेवायचे. ऑफिसात ती गप्प असायची; घरी येऊन मात्र भरपूर कुरकुरायची. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून तो आलेला असायचा, त्यामुळे स्वतःचं मिटून निमूट ऐकून घ्यायचा.

मग एका बालवाडीचं काम आलं. जागा छोटी, आणि वर अट अशी की विजेचा खर्च अगदी कमी हवा. दिवसा दिवा नको, उन्हाळ्यात एसी नको. साहेबांनी नाक मुरडून फाइल तिच्या टेबलावर सरकवली. "बघ बाई, तुला काही सुचतंय का."

ती उठून थेट जुन्या बालवाडीत गेली आणि मुलांमध्ये फरशीवर फतकल मारून बसली. बाहेर लख्ख ऊन, आत ट्यूबलाइट चालू. खिडक्या इतक्या उंच की मुलांना त्यांतून नुसतं आभाळ दिसायचं. खाली, जिथं मुलं चित्रं काढत होती, तिथं अंधार आणि उकाडा. खोली बांधली होती उभ्या माणसांसाठी, आणि तिच्यात उभ्या असायच्या एकट्या मोठ्या बाई.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. नवा नकाशा पाहून त्यांनी चष्मा वर सारला.

"खिडक्या इतक्या खाली?"

"मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर."

"अहो, मग ती दिवसभर बाहेरच बघत बसतील!"

"बसू देत की थोडा वेळ."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला! सांभाळायचंय मला."

पण बाई शेवटी तयार झाल्या. इमारत उभी राहिली. भिंती जाडजूड, उन्हाच्या बाजूला छपराची लांब पडवी. बागेच्या, सावलीच्या बाजूला जमिनीलगत गोल झरोके आणि छताजवळ उघडझाप करणाऱ्या झडपा. गरम हवा वरून निघून जाणार आणि तिच्या जागी खालून झाडांखालची गार हवा आत येणार. पहिले काही महिने सगळं झकास चाललं. मुलं खिडकीला नाक चिकटवून बसायची, दिव्यांची बटणं कुणाच्या लक्षातही राहिली नाहीत.

उन्हाळा तापला आणि मोठ्या बाईंचा फोन आला. "तुमची इमारत म्हणजे भट्टी झालीय. मी एसीवाल्याला बोलावतेय."

आयुष्यातली पहिली स्वतःची इमारत, आणि तीच तोंडघशी पाडणार? ती धावतच पोहोचली. शिडी लावून झडपा पाहिल्या, उघड्या होत्या. नकाशा पसरला, त्यात काही चुकलं नव्हतं. घामाघूम होऊन ती भिंतीला टेकून खाली बसली, तोच एक चिमुरडी कमरेवर हात ठेवून समोर आली.

"मावशी, सरक ना. तिथं माझं कपाट आहे."

"कुठं गं?"

पोरीनं तिच्या पाठीमागच्या झरोक्यात हात घातला. एक मोजा निघाला, मग एका हाताची बाहुली, खडे, अर्धं बिस्कीट, आणि शेवटी बोळा केलेला स्वेटर. सगळे झरोके असेच गच्च भरले होते. प्रत्येकाला मालक होता!

ती हसायला लागली ती थांबेचना. मोठ्या बाईंनी आधी रागावून पाहिलं, मग त्याही पदरात तोंड लपवून हसल्या.

घरी नवरा म्हणाला, "भोकं बुजवणं हा माझा धंदा. ही पोरं कधीपासून शिकली?"

तिनं जाळ्या बसवायचं ठरवलं. बाईंनी मान हलवली. "जाळीत पेन्सिली खुपसतील. त्यांना सामान ठेवायला स्वतःची जागा हवीय हो." बाईंचं म्हणणं तिला पटलं. आपण हवेला जागा दिली, उजेडाला दिली आणि मुलांच्या खजिन्याला विसरलो, हे तिला मनातून लागलंही. तिनं खिडक्यांखाली लाकडी खण करून घेतले, प्रत्येकाला एकेक. मग बाईंनी आपली युक्ती काढली: रोज एक मूल हवालदार. छातीवर कागदी बिल्ला लावून त्यानं सगळ्या झरोक्यांसमोर हात धरायचा आणि ओरडून सांगायचं, "वारा येतोय!" एसीवाला आला, तेव्हा त्या दिवशीच्या हवालदारानं त्याला दारातच सांगितलं, "आमच्याकडे वारा आहे."

पुढं एकदा साहेब स्वतः इमारत पाहायला आले. फिरून दमले, कौतुकाचे दोन शब्द बोलले आणि भिंतीशी पाठ टेकून खाली बसले.

"काका, उठा," बिल्ला लावलेली मुलगी म्हणाली. "तुम्ही वारा अडवलाय."

साहेब गडबडीनं उठले. मुलीनं झरोक्यासमोर तळहात धरला, समाधानानं मान डोलावली आणि पुढच्या झरोक्याकडे निघून गेली.