ओर्डेलकाकांचं बोट

ओर्डेल स्टेनरूड यांनी आयुष्यभर आमच्या तालुक्यातले खडीचे रस्ते ग्रेडर फिरवून सपाट केले. निवृत्त झाल्यावरही ते गाडी चालवताना खड्डे बघत जातात आणि ग्रेडरवरच्या नव्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालतात. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता फक्त तर्जनी उचलतात. हा आमच्याकडचा नमस्कार. मिसुरी नदीच्या पश्चिमेला अख्खा हात हलवणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असतो, नाही तर रस्ता चुकलेला असतो.

नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की मात्र काकांचं बोट आधी नंबरप्लेट बघायचं. पाटी आपल्या राज्याची असेल तर उठायचं. परराज्याची असेल तर स्टिअरिंगला चिकटून राहायचं. हे त्यांनी ठरवून केलेलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांचीच बोटं अशी शिकलेली आहेत.

मी वन्यजीव खात्यात तंत्रज्ञ आहे. हंगामात तपासणी नाक्यावर बसते, मारून आणलेल्या हरणाचा जबडा उघडून दातांवरून वय सांगते, रोगाच्या तपासणीसाठी गळ्यातल्या गाठी काढते. माझ्या टेबलापाशी दोन्ही बाजू ऐकू येतात. गावचे म्हणतात, बाहेरचे फाटकं उघडी टाकून जातात, त्यांच्यासाठी कोणीतरी रानं भाड्याने घेतं आणि जिथे आपला आजोबा शिकार करायचा तिथे 'प्रवेश बंद' लागतं. बाहेरचे म्हणतात, सरकारी जमीन सगळ्या देशाची आहे, परवान्याला आम्ही तुमच्या कितीतरी पट मोजतो, तरी तुम्ही आमच्याकडे गुरं चोरायला आल्यासारखं बघता. मी दोघांनाही मान डोलावते. हात रक्ताने भरलेले असले की तेवढंच करता येतं.

काकांचा एकुलता मुलगा लीफ मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. नाताळ बायकोच्या माहेरी, उन्हाळ्यात कामाची गर्दी, त्यामुळे तो वर्षातून एकदाच घरी यायचा, शिकारीला. राज्य सोडल्यामुळे कागदावर तो बाहेरचा. बाहेरच्यांचे परवाने सोडतीने निघतात. एका वर्षी त्याचं नाव निघालं नाही आणि तो आला नाही. अर्लिसकाकूंनी नेहमीसारखे लेफ्से लाटले होते. त्या बटाट्याच्या पातळ पोळ्या नवराबायको दोघंच आठवडाभर खात बसले.

पुढच्या वर्षी नाव निघालं. लीफ यायचा त्या दिवशी काका काडतुसं आणायला गावात निघाले होते. शेजारच्या व्हर्जिल हाउगेच्या फाटकापाशी समोरून धुरळा उडवत एक गाडी आली. पाटी मिनेसोटाची. काकांचं बोट जागचं हललं नाही. ते परत आले तेव्हा तीच गाडी त्यांच्या अंगणात उभी होती.

"बाबा, मी बोट उचललं होतं," लीफ जेवताना म्हणाला. "तुम्ही नाही उचललंत."

"कुठे?"

"हाउगेच्या फाटकापाशी. चांगलं माझ्याकडे बघितलंत की."

"मी पाटीकडे बघितलं."

"ते दिसलंच."

"धूळ किती होती!"

"धुळीत पाटी बरी दिसली," काकू म्हणाल्या, "आणि पोटचा पोरगा नाही दिसला!"

लीफ हसला. पण त्या मुक्कामात त्याने ही गोष्ट पुन्हा पुन्हा काढली. माझ्या टेबलापाशी आला तेव्हाही काढली. त्याच्याकडे तपासायला हरीण नव्हतं, नुसता सांगायला आला होता. बापलेक रोज टेकड्या पालथ्या घालत होते आणि टेकड्या रिकाम्या होत्या. पाऊस पडला नव्हता, गवत पायाखाली मोडत होतं. संध्याकाळी मात्र व्हर्जिलच्या लसूणघासात हरणांची दाटी. तिथे बंदूक चालवायला व्हर्जिल देत नाही.

मग फेब्रुवारीत सभा झाली. आमच्या तालुक्यात हरणांसाठी सात जणांची सल्लागार समिती आहे आणि ती म्हणते ते खातं बहुतेक ऐकतं. काका तिच्यात आहेत, कारण त्यांना सगळे रस्ते माहीत आहेत. रविवारची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी मांडली. मुद्दा एकच होता. बाहेरच्यांचे परवाने निम्मे करायचे की नाही? आलेख घेऊन मी उभी राहिले.

"पोरी, हरणं किती आहेत तेवढं सांग," व्हर्जिल म्हणाला. तोही समितीत आहे.

मी आलेखावर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असा पट्टा दाखवला.

"हा पट्टा एवढा रुंद आहे की त्याच्यातून ओर्डेलचा ग्रेडर जाईल! माझ्या घासात तर रोज कळप बसतोय."

"तो आसपासच्या सगळ्या टेकड्यांवरचा असेल, काका. दुष्काळात तिथेच हिरवं आहे."

"म्हणजे हरणं आहेत की नाहीत?"

"तुमच्याकडे आहेत. बाकी कुठे किती, ते नक्की सांगता येत नाही."

खाली बसताना मी आणखी एक गोष्ट सांगितली. कळप वाढायचा तर माद्या वाचायला हव्यात आणि बाहेरचे बहुतेक नरच मारतात. हे ऐकून अर्ध्या लोकांना वाटलं मी त्यांच्या बाजूने बोलले. उरलेल्यांनाही तसंच वाटलं.

कॉफीच्या भांड्यापाशी काकांनी मला गाठलं. "खरं सांग. हरणांच्या भल्यासाठी हात वर करायचा की खाली ठेवायचा?"

"हरणांना फारसा फरक पडणार नाही, काका. टेकडीवरची गर्दी कमी होईल."

"मग मी मत कशावर देतोय?"

तेवढ्यात मागून व्हर्जिल आला, हातात केकचा चौकोन.

"पोरासाठी कचरतोयस ना, लेका? अरे, मुलगा यायचाच असेल तर हरणाशिवायही येईल की!"

आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. परवाना नव्हता त्या वर्षी लीफ आला नव्हता, हे त्या तळघरात सगळ्यांना माहीत होतं. व्हर्जिललाही आठवलं असावं, कारण तो केक न खाताच खुर्चीवर जाऊन बसला.

मतं झाली. तीन हात वर, तीन खाली. काकांनी टोपीकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि हात वर केला.

का केला, ते मी नंतर विचारलं. "खाली ठेवला असता तर तो माझ्या पोरासाठी ठेवला असं झालं असतं," ते म्हणाले. "आणि वर केला तो... वर केला तो कशासाठी ते नाही कळलं मला."

काकू कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत. "मत द्यायला गेले आणि पोरगा देऊन आले," एवढंच येईल-जाईल त्याला सांगायच्या. काकांनी लीफला काही कळवलं नाही. जुलैत सोडत झाली तेव्हा त्याचाच फोन आला.

"नाही लागला, बाबा. तुमच्याकडे कोणीतरी परवाने निम्मे केले म्हणे."

"हो. आम्हीच."

"आम्ही म्हणजे?"

"सात जण होतो."

"तुमचा हात?"

"वर होता."

मग लीफने विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे. आमच्याकडे कोणी पावसाचं विचारलं की समजायचं, बोलणं संपलं.

नोव्हेंबर आला. काकूंनी विचारलं, "लेफ्से लाटू का?" काका म्हणाले, "लाट." लीफ येणार आहे की नाही, हे ना काकूंनी विचारलं, ना काकांनी सांगितलं.

हंगामाच्या पहिल्या दिवसापासून काकांनी परराज्याच्या प्रत्येक गाडीला बोट उचलायला सुरुवात केली. आयोवा, विस्कॉन्सिन, मिशिगन, कोणी सोडलं नाही. बाहेरचे गोंधळले. एक जण गाडी थांबवून, काच खाली करून विचारू लागला, "आजोबा, काही मदत हवीय का?" दुसरा माझ्या टेबलापाशी तक्रार घेऊन आला.

"रस्त्यावर एक म्हातारा मला बोट दाखवतोय."

"कुठलं बोट?"

त्याने आठवून बघितलं. "पहिलं."

"मग ठीक आहे," मी म्हटलं.

व्हर्जिल गावभर सांगत सुटला की ओर्डेल निवडणुकीला उभा राहतोय. काकांनी कोणालाच काही समजावलं नाही.

सोमवारी ते नाक्यावर आले. हरीण नव्हतं. मी एका नराचे दात बघत होते, ते बाजूला उभे राहिले.

"लीफ आलाय," ते म्हणाले.

"अरे वा! परवाना?"

"नाही. बंदूकही नाही आणली. काल चर्चला जाताना हाउगेच्या फाटकापाशी एक काळा पिकअप समोरून आला. मिनेसोटाचा. मी बोट उचललं. येताना तुझ्या काकूसाठी दूध घेतलं. घरी येतो तर पिकअप अंगणात, आणि हा स्वयंपाकघरात लेफ्सेला लोणी फासतोय. मला म्हणतो, 'बाबा, या वेळी ओळखलंत!'"

"छानच झालं की."

"काय छान झालं? पिकअप नवीन घेतलाय त्याने. मला काय माहीत? मी सगळ्यांनाच करत होतो."

मी जबडा खाली ठेवला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो तर." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आज सकाळी दोघं टेकडीवर गेलो. नुसतेच. एक मोठा नर समोर आला, अगदी इथून त्या पेट्रोलपंपाएवढ्यावर. आमच्या दोघांचे हात खांद्याकडे गेले. खांद्यावर काही नाही."

"मग?"

"मग बघत बसलो. तो नरही बघत बसला. लीफ म्हणाला, 'आता काय करायचं, बाबा?' मला तरी काय माहीत. आजवर अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असायचं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "सांगू का त्याला? की ओळखलं नव्हतं म्हणून?"

मी हातमोजे पुसले. सांगितलं तर पुढच्या वर्षी तो येईल की नाही, आणि नाही सांगितलं तर तो कशासाठी येईल, यातलं काहीच दातांवरून सांगता येण्यासारखं नव्हतं.

"माहीत नाही, काका."

तेवढ्यात नाक्यात परराज्याची एक गाडी वळली. काका जमिनीवर उभे होते, हातात स्टिअरिंग नव्हतं, तरी त्यांचं बोट उठलं.