मेकॅनिकलचं कर्ज आणि होसूरची खोली

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून कल्याण स्टेशनपर्यंत मी बाबांच्या रिक्षातून गेले. त्या दिवशी त्यांनी सकाळपासून एकही भाडं घेतलं नव्हतं. मागच्या सीटवर आई, मी आणि धाकटा ओंकार, पायांत दोन बॅगा आणि ओंकारच्या मांडीवर प्रेशर कुकर. उल्हासनगर आलं तसं आईनं कमलाभाभींच्या दुकानासमोर रिक्षा थांबवायला लावली. आई त्यांच्याकडे तयार कपड्यांना काज-बटण करते. भाभी सिंधी, माझ्या आजीच्या वयाच्या, पण सगळं मार्केट त्यांना भाभीच म्हणतं. त्यांनी पापडांचं पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "मां को रोज फोन करना, समझी?"

प्लॅटफॉर्मवर बाबांनी बॅगा चढवून दिल्या. गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "हप्ता चुकवू नको. आणि हप्त्यापायी पोट मारू नको."

दोन्ही एकदम जमत नाही, हे मला तमिळनाडूत होसूरला पोचल्यावर थोड्याच महिन्यांत कळलं.

बदलापूरहून हल्ली अनेकांचे फोन येतात. कुणाचा मुलगा दहावीला असतो, कुणाची भाची बारावीला. प्रश्न एकच, मेकॅनिकल घेऊ का, कर्ज काढून परवडतं का? प्रत्येकाला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा माझं काय झालं ते एकदा नीट लिहावं म्हटलं. तुम्ही जे तिथे आहात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे चाकण, साणंद, चेन्नईला भाड्याच्या खोल्यांतून हप्ते भरताहेत त्यांच्यासाठीही.

डिग्रीसाठी मी बँकेचं कर्ज घेतलं. बँकेला जामीन हवा होता. काका तयार होते, पण चिखलोलीच्या फ्लॅटचं कर्ज त्यांच्याच डोक्यावर, त्यामुळे बँकेनं त्यांना नाही म्हटलं. आईनं दुकानात हे सहज सांगितलं, मागायचं म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी भाभी आपली कागदपत्रं पिशवीत घालून बँकेत हजर. मॅनेजरनं विचारलं, मुलगी तुमच्या नात्यातली आहे का? भाभी म्हणाल्या, "इसकी मां मेरी दुकान की चाबी रखती है. और कितना नाता चाहिए?"

शेवटच्या वर्षाला दोन नोकऱ्या हातात होत्या. एक ऐरोलीची, सॉफ्टवेअरची. वर्गातले बहुतेक तिकडेच चालले होते. पगार बरा, राहायला घर आपलं, कर्ज लवकर फिटलं असतं. दुसरी इथली, गिअर बनवणाऱ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून. पगार कमी, खोलीचं भाडं वेगळं, खानावळ वेगळी. आई म्हणाली, "चार वर्षं मशीन शिकलीस ना? मग मशीनवर जा. नाहीतर एवढं कर्ज कशाला काढलं?" तिचा हिशेब तिथेच संपला. माझा नाही संपला. इथल्या पहिल्या पगारातला जवळजवळ अर्धा हप्त्यात गेला, तेव्हा मी खोलीवर बसून ऐरोलीचे आकडे मांडत राहिले. माझा मामेभाऊ बारावीनंतर शिकलाच नाही. तो मोबाइलच्या दुकानात कमिशन धरून माझ्यापेक्षा जास्त घरी नेत होता. दिवाळीत तो मला म्हणाला, "ताई, तुझी डिग्री भारी आहे, पण जेवायला मी घेऊन जातो." सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार?

खरा घोर लागला दुसऱ्या वर्षी. कारखान्याच्या ऑर्डरी कमी झाल्या, आम्हा ट्रेनींना कायम करायचं पुढे ढकललं, ओव्हरटाइम बंद झाला. एक हप्ता चुकणार हे मला दिसत होतं. चुकला की बँक भाभींना फोन करणार. मी आईला सांगितलं, आणि आईनं दुपारी दुकानात जाऊन बँकेच्या आधी स्वतःच भाभींना सांगितलं. संध्याकाळी भाभींचा मला फोन. मी माफी मागायला लागले तर मध्येच म्हणाल्या, "रोना बंद कर. पहले बँक को खुद फोन लगा, मोहलत मांग. धंदे में मंदी सबको आती है. छुपना नहीं, बस."

मी बँकेत फोन केला. दोन महिन्यांचा हप्ता पुढे ढकलून मिळाला. व्याज वाढलं, पण आभाळ कोसळलं नाही. कर्ज म्हणजे आपल्यामागे लागलेलं काहीतरी, असं मला तोवर वाटायचं. त्या फोननंतर ते एक काम झालं, रोजच्या कामांसारखं.

तेवढ्यात ओंकार दहावी पास झाला आणि त्यानं घरी जाहीर केलं, मीपण ताईसारखं मेकॅनिकल करणार. बाबांचा फोन आला, "तूच सांग त्याला. परवडतं का ते तुला ठाऊक." मी त्याला सुट्टीत होसूरला बोलावून घेतलं. आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा घरच्यांना आत नेता येतं. ओंकार गॉगलसारखा सेफ्टी चष्मा लावून मशीनसमोर उभा राहिला. पोलादाच्या चकतीवर एकेक दात उमटताना त्याचं तोंड उघडंच राहिलं.

परतीच्या वाटेवर आम्ही चहा घेतला. मी काही लपवलं नाही. फी किती, व्याज किती, पहिला पगार किती, हातात काय उरतं, मंदीत काय झालं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, परत संधी मिळाली तर परत घेशील मेकॅनिकल?"

मी म्हटलं, "मेकॅनिकल घेईन. एवढं कर्ज नाही घेणार."

"मग दुसरा रस्ता काय?"

मी त्याला डिप्लोमाचं सांगितलं. सरकारी कॉलेज, फी थोडी, तीन वर्षांनी अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी. मग स्वतःच्या पैशानं डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. मधल्या नोकरीची दोन-तीन वर्षं जास्त लागतील, पण हप्ता मागे नसेल. तो लगेच तयार झाला. बाबा मात्र दुखावले. मुलगी इंजिनिअर आणि मुलगा डिप्लोमा, लोक काय म्हणतील? "माझे हात अजून थकले नाहीत," ते म्हणाले. ते थकलेत असं कुणी म्हणतच नव्हतं, तरी त्यांना तेच ऐकू आलं. मी समजावून थकले. शेवटी ओंकारच म्हणाला, "बाबा, मला डिग्री करायचीच आहे. फक्त ती तुमच्या रिक्षावर नको, माझ्या पगारावर." दोन दिवस बाबा पहाटेच रिक्षा घेऊन निघून जात होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच त्याला घेऊन ॲडमिशनला गेले.

आता मी कायम झालेय. पगार वाढला, आणि कर्ज दर महिन्याला आटताना दिसतं. ऐरोलीला गेलेल्यांपेक्षा अजून मागेच आहे मी, हे खोटं कशाला सांगू? पण मी तपासलेला गिअर कुठल्यातरी ट्रॅक्टरमध्ये फिरतोय, हे मला आवडतं, आणि हे आवडणं मी हिशेबात धरते. तुम्हीही धरा. फक्त आवड आहे म्हणून बाकीचे आकडे पुसू नका.

होसूरची खोली आता खोली राहिली नाही. शेजारच्या अक्का मला सकाळी गुलाब देतात, मी त्यांना कोकम देते, आणि मोडक्या तमिळमध्ये आमचं बरं चालतं. मागच्या रजेत बदलापूरला गेले, तर ओंकार आणि मी जेवताना त्याच्या वर्कशॉपबद्दलच बोलत बसलो. कानशीनं घासून लोखंडाचा तुकडा सपाट करायला त्याला आठवडा लागला होता, कारण टॉलरन्स, म्हणजे मापात खपणारा फरक, केसाएवढाच होता. आई वाढता वाढता ऐकत होती. मग ओट्याकडे वळून भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला गेली, ते काही केल्या बसेना. तिनं ते फिरवून पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "नवीन आणा हो. याचा टॉलरन्स गेलाय."

आम्ही दोघं हसून हसून ठसकलो. बाबांना शब्द कळला नाही, पण तेही हसले. मला वाटायचं, मी शिकायला आणि कमवायला निघाले आणि घर मागे राहिलं. घर मागे राहिलंच नव्हतं. तेही शिकत होतं, काज-बटण करता करता, रिक्षा चालवता चालवता. आईनं त्या पातेल्यावर ताट पालथं घातलं आणि म्हणाली, "हसणं झालं असेल तर जेवा आता."